धम्मदेश पाहावा कसा?
(लाओसच्या आठ दिवसांच्या सहलीचा आराखडा : विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनाचं भाषण म्हटलं की आता तासभर जुना इतिहास ऐकायचा, असं आपण धरून चालतो. आज आम्ही सहलीविषयी बोलणार आहोत. हसू नका. आपल्या वस्तीत बोधगया, सारनाथ, कुशीनगर झालेली माणसं आता बरीच आहेत. पोरं कमावती झाली, दोन पैसे शिल्लक पडू लागले, आणि "एकदा एखादा बौद्ध देश बघायचा" हे बोलणं घराघरात निघतं. मग कोणीतरी जाहिरात आणतो. चार दिवसांत तीन शहरं, रोज सकाळी सहाला बस, दोन विहार, एक बाजार आणि रात्री हॉटेल. परत आल्यावर विचारावं, काय पाहिलं? तर फोटो दाखवतात. पिशवी भरलेली असते, पण सांगायला काही नसतं. कष्टाचा पैसा असा जाऊ नये म्हणून आमच्या अभ्यासवर्गातल्या काही जणांनी नकाशा, पुस्तकं आणि माहिती गोळा करून एक आराखडा केला आहे. आम्ही अजून तिकडे गेलेलो नाही. जाण्याच्या तयारीत आहोत, आणि ही तयारी तुमच्यापुढे मांडतो आहोत.

देश आहे लाओस.

बऱ्याच जणांनी नाव ऐकलं असेल, पण नकाशावर बोट ठेवता येणार नाही. थायलंडच्या पलीकडे, व्हिएतनामच्या अलीकडे, वर चीन, खाली कंबोडिया, एका कोपऱ्याला म्यानमार. समुद्र नाही. मेकाँग नावाची मोठी नदी देशाच्या अंगाअंगाने वाहते. आकाराने आपल्या महाराष्ट्रापेक्षा लहान, आणि लोकसंख्या पाऊणशे लाखांच्या आसपास. २०११ च्या जनगणनेत एकट्या बृहन्मुंबईत सव्वा कोटीच्या जवळ माणसं मोजली गेली होती. म्हणजे अख्खा देश मुंबईत मावून वर जागा उरेल. म्हणूनच तो शांत आहे. थायलंडला लोटणारी गर्दी तिकडे नाही.

पण केवळ शांतता हवी म्हणून आम्ही हा देश निवडलेला नाही. कारण दुसरं आहे, आणि ते बाबासाहेबांपाशी जातं.

बाबासाहेब १९५० साली श्रीलंकेला गेले, १९५४ साली ब्रह्मदेशात रंगूनला गेले, आणि नागपूरच्या दीक्षेनंतर महिनाभरात, नोव्हेंबर १९५६ मध्ये, काठमांडूला गेले. जागतिक बौद्ध परिषदा होत्या. पण बाबासाहेब नुसते व्यासपीठावर बसायला जात नसत. पुस्तकातला धम्म लोकांच्या जगण्यात किती उतरलेला आहे, हे ते डोळ्यांनी तपासत असत. आणि काठमांडूला त्यांनी विषय कोणता घेतला? बुद्ध की कार्ल मार्क्स. प्रकृती खालावलेली, पुढे दोन-तीन आठवड्यांत महापरिनिर्वाण, आणि त्या अवस्थेत त्यांनी जगातल्या बौद्धांपुढे हा प्रश्न ठेवला.

आता लाओस बघा. १९५३ ला फ्रेंचांपासून स्वतंत्र झाला. २ डिसेंबर १९७५ ला राजेशाही गेली आणि कम्युनिस्ट पक्षाचं राज्य आलं. आजही तोच एक पक्ष सत्तेवर आहे. आणि माणसं? बहुसंख्य थेरवादी बौद्ध. सुरुवातीच्या काळात नव्या राजवटीने भिक्षूंना भिक्षा घालण्यावर निर्बंध आणले. लोकांना ते रुचलं नाही, आणि सरकारला माघार घ्यावी लागली. १९९१ साली तर राष्ट्रचिन्हावरचा विळा-हातोडा काढून तिथे थात लुआंग हा स्तूप आला. मार्क्सच्या नावाने चालणाऱ्या राज्याच्या चिन्हावर स्तूप! काठमांडूचा प्रश्न ज्या मातीत रोज जगला जातो, ती माती पाहायला नको का? आमच्यासारख्या गिरणीत लाल बावटाही पाहिलेल्या आणि निळा झेंडाही खांद्यावर घेतलेल्या माणसांना तर ही भूमी शाळेसारखी आहे. तिथे सगळं छान आहे असं आम्ही म्हणत नाही. देश गरीब आहे, आणि दुसरा पक्ष काढायची मुभा नाही. तेही पाहायचं.

आता कामाचं बोलू.

जायचं कधी? नोव्हेंबर ते फेब्रुवारी. हवा कोरडी, सकाळी गारवा. मार्च-एप्रिलला उत्तरेत शेतं जाळल्याचा धूर कोंडतो आणि ऊन भाजून काढतं. पावसाळ्यात वर्षावास आणि चिखल. एप्रिलच्या मध्यावर, १४ तारखेच्या सुमारास, त्यांचं नवं वर्ष असतं, सगळा देश एकमेकांवर पाणी उडवतो. पण १४ एप्रिलला आपण कुठे असणार, हे सांगायला नको.

कागदपत्रं हा खरा डोंगर. आपल्यातल्या निम्म्या लोकांची जन्मतारीख १ जून, ती शाळेत नाव घालताना गुरुजींनी लिहिलेली. आधारवर एक नाव, रेशनकार्डावर दुसरं, आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग तिसरंच. मावश्यांच्या कागदांवर तर माहेरचं आणि सासरचं नाव एकमेकांत अडकलेलं. पासपोर्टला हे चालत नाही. म्हणून पहिले सहा महिने फक्त कागद जुळवायचे. वस्तीतल्या शिकलेल्या पोरांनी दर रविवारी विहारात बसून हे अर्ज भरून द्यावेत. हीसुद्धा धम्मसेवाच आहे. सहल झाली नाही तरी हे कागद जन्मभर कामाला येतील. परतीच्या तारखेपुढेही पासपोर्टची मुदत निदान सहा महिने उरलेली हवी. लाओसचा व्हिसा आधी संगणकावरून अर्ज करून घेता येतो. तो कोणत्या नाक्यावर चालतो, हे अर्ज करतानाच पाहून घ्यावं. आणि ध्यानात ठेवा, या वाटेने आपण थायलंडमध्ये दोनदा शिरतो, जाताना आणि येताना. तिथले नियम दोन्ही वेळांसाठी पाहावेत. नियम बदलत असतात. तिकीट काढण्याआधी ताजी चौकशी करायची.

पैशाचं म्हणाल तर कर्ज काढून कोणी यायचं नाही, हा पहिला नियम. लग्नासाठी कर्ज, बारशासाठी कर्ज, आता सहलीसाठीही कर्ज, हे चालणार नाही. दोन वर्षांची भिशी लावू. ज्याला जमेल त्याने दरमहा थोडं थोडं टाकावं. विमान, व्हिसा, रेल्वे, राहणं, जेवण, औषधपाणी असे सहा खाने वहीत करायचे, आणि अडीअडचणीसाठी सातवा. लाओसचं चलन किप. तिकडे एक लाखाचीसुद्धा नोट आहे. ती हातात आली म्हणून कोणी लखपती झालो असं समजू नये, पाण्याच्या बाटलीलाही हजारांत मोजावं लागतं.

आता आठ दिवसांचा हिशेब.

पहिला दिवस : रात्रीच्या विमानाने सकाळी बँकॉक. दिवसभर तिथे थांबून संध्याकाळी रेल्वे. १९ जुलै २०२४ पासून बँकॉकहून थेट लाओसची राजधानी व्हिएन्तियानपर्यंत गाडी जाते. झोपायचा डबा घ्यायचा, म्हणजे एका रात्रीचं लॉजभाडं वाचलं. दुसरा आणि तिसरा दिवस : व्हिएन्तियान. चौथा, पाचवा, सहावा : उत्तरेला लुआंग प्रबांग. सातव्या दिवशी रेल्वेने परत व्हिएन्तियान आणि तिथून रात्रीची गाडी. आठव्या दिवशी बँकॉक आणि घर. दोनच गावं, बरं का. जाणीवपूर्वक दोनच.

कोणी म्हणेल, दक्षिणेला वाट फू आहे, २००१ साली जागतिक वारसा झालेलं. मुळात ते शिवाचं देऊळ, पुढे तिथे बुद्धपूजा सुरू झाली, आणि आपल्या भारतीय पुरातत्त्व खात्याने तिथल्या डागडुजीला हातभार लावला आहे. दगडी रांजणांचं पठार आहे, तेही २०१९ साली यादीत आलं. खरं आहे. पण आठ दिवसांत सगळं उरकायला गेलं तर अर्धा वेळ गाडीत जातो आणि म्हाताऱ्या माणसांचे पाय सुजतात. पोटापुरतं वाढून घ्यावं, ताटात टाकू नये.

व्हिएन्तियानमध्ये चार ठिकाणं. पहिलं थात लुआंग, म्हणजे राष्ट्रचिन्हावरचा तोच सोनेरी स्तूप. राजा सेत्ताथिरातने १५६६ मध्ये बांधला. १८२८ मध्ये सयामच्या, म्हणजे आजच्या थायलंडच्या फौजेने शहर उद्ध्वस्त केलं तेव्हा त्याचीही दुर्दशा झाली. आज दिसतो तो विसाव्या शतकात फ्रेंच अमदानीत पुन्हा उभारलेला. दुसरं वाट सी साकेत, १८१८ चं. त्या विध्वंसातून वाचलेलं हे एक विहार. त्याच्या ओवऱ्यांच्या भिंतींत लहान लहान कोनाडे आहेत आणि त्यांत हजारो बुद्धमूर्ती. लढाईत मोडलेल्या मूर्तीही तिथे ठेवल्या आहेत.

तिसरं हो फ्रा केओ. इथे एक प्रसिद्ध हिरवी बुद्धमूर्ती होती. दोनशे वर्षांहून अधिक काळ ती लाओ लोकांकडे होती. १७७९ मध्ये सयामने ती नेली. आज ती बँकॉकच्या राजवाड्यातल्या मंदिरात आहे. पहिल्या दिवशी बँकॉकला वेळ मिळाला तर मूर्ती पाहू आणि तिसऱ्या दिवशी ती जिथून गेली ते घर पाहू. दोन्ही पाहिल्यावर आपल्या तरुणांनी विचार करावा. नेणारेही बौद्ध, ज्यांची नेली तेही बौद्ध. बौद्ध राजेच एकमेकांवर चालून गेले. देशाच्या नावापुढे बौद्ध लागलं म्हणजे करुणा आपोआप येत नाही. मूर्ती जिंकता येते, शील जिंकून आणता येत नाही. आपल्याकडेही विहाराच्या मूर्तीवरून आणि वर्गणीच्या पावतीपुस्तकावरून दोन समित्या होतात. तेव्हा दुसऱ्याकडे बोट दाखवताना उरलेली बोटं कुठे वळतात तेही पाहावं.

चौथं ठिकाण मनाला जड जाईल, पण चुकवायचं नाही. १९६४ ते १९७३ या नऊ वर्षांत अमेरिकेने या लहानशा देशावर वीस लाख टनांहून जास्त बॉम्ब टाकले. शेजारी व्हिएतनामचं युद्ध चाललं होतं, आणि इथलं युद्ध जगापासून लपवून ठेवलं होतं. एका मोठ्या कवचात शेकडो छोटे गोळे, असे ते बॉम्ब. त्यांतले सुमारे आठ कोटी गोळे न फुटता जमिनीत राहिले असा अंदाज आहे. युद्ध संपल्यावरही नांगर चालवताना शेतकरी आणि खेळणं समजून उचलताना मुलं मेली, पांगळी झाली. अशा लोकांना कृत्रिम हातपाय बसवणाऱ्या 'कोप' नावाच्या संस्थेचं माहितीकेंद्र व्हिएन्तियानमध्ये आहे. तिथे एक तास द्यायचा, आणि जमेल ते दान तिथे टाकायचं. सोन्याचा वर्ख लावायला पैसे देण्यापेक्षा एका पायाला दिलेले बरे. आणि एक सूचना, गावाबाहेर गेल्यावर मळलेली वाट सोडून कोणी रानात शिरायचं नाही.

चौथ्या दिवशी रेल्वे. ही चीनच्या मदतीने बांधलेली, ३ डिसेंबर २०२१ ला सुरू झालेली. पूर्वी डोंगरातल्या रस्त्याने लुआंग प्रबांगला आख्खा दिवस जायचा, आता दोन तासांच्या आसपास लागतात. तिकिटं आधी काढावीत, गर्दी असते. स्टेशनात विमानतळासारखी तपासणी होते. चाकू, कात्री, फवाऱ्याचे डबे काढून घेतात. तेव्हा पान खाणाऱ्या अक्कांनी अडकित्ता घरी ठेवलेला बरा.

लुआंग प्रबांग ही जुनी राजधानी, मेकाँग आणि नाम खान या दोन नद्यांच्या संगमावर. १९९५ पासून जागतिक वारसा. वाट शिएंग थोंग हे १५६० च्या सुमाराचं विहार. छपरं इतकी खाली उतरलेली की एखादी माय पदर पसरून बसली आहे असं वाटावं. मागच्या भिंतीवर काचेच्या तुकड्यांचं मोठं झाड आहे. गावाच्या मधोमध फूसी टेकडी, वर चढून सूर्यास्त पाहायचा. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी नदीकाठी बसावं, सूर्य तिथूनही तोच दिसतो. एक दिवस होडीने पाक ऊच्या गुहा, जिथे लोकांनी पिढ्यानपिढ्या बुद्धमूर्ती आणून ठेवल्या आहेत.

पण लुआंग प्रबांगला जायचं ते मुख्यतः पहाटेसाठी. उजाडायच्या सुमारास भगव्या चिवरातले भिक्षू आणि श्रामणेर पात्र घेऊन अनवाणी रांगेने निघतात. गावच्या बाया रस्त्याच्या कडेला चटईवर गुडघे टेकून बसतात आणि प्रत्येकाच्या पात्रात चिकट भाताचा एक एक घास ठेवतात. कोणी बोलत नाही.

आमच्यातल्या म्हाताऱ्या माणसांना ही गोष्ट सांगितली तेव्हा एक आजी पटकन म्हणाल्या, "म्हंजी आपली येसकराची भाकरीच की." प्रश्न खरा आहे, त्याला उत्तर दिलं पाहिजे. आपल्या बापजाद्यांनी दारोदार भाकरी मागितली. दाराबाहेर उभं राहून, जोहार घालून, वरून टाकलेलं झोळीत झेलून. बाबासाहेबांनी ती भाकरी सोडायला लावली म्हणून आज आपण ताठ उभे आहोत. मग भिक्षापात्र पाहायला का जायचं? कारण तिथे रांग उलटी आहे. तिथे देणारा खाली बसलेला असतो आणि घेणारा उभा असतो. देणारा हात जोडतो, आणि घेणारा आभारसुद्धा मानत नाही. देणाऱ्याला दान करायची संधी मिळाली, असं मानलं जातं. आपल्याकडे भाकरीने माणूस लहान केला, तिथे त्याच घासाने देणाऱ्याचा अहंकार लहान होतो. घास तोच, पण व्यवस्था कोणती, यावर सगळं ठरतं. हे पुस्तकात शंभरदा वाचून कळत नाही. एक पहाट पाहिली तर कळेल.

आता त्या पहाटेची दुसरी बाजू. पर्यटक तिथे घोळका करतात, भिक्षूंच्या तोंडावर दिवा चमकवून फोटो काढतात, रांगेत घुसतात. आपण तसं करायचं नाही. सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर आपली माणसं रात्रभर रांगेत उभी असतात. कोणी कडेवर मूल घेऊन, कोणी भाकरीचं गाठोडं घेऊन. त्यांच्याकडे कॅमेरा रोखून काही लोक नुसती गर्दी आणि कचरा टिपतात, तेव्हा आपल्या काळजात काय होतं? दुसऱ्याच्या श्रद्धेकडे तमाशासारखं पाहिलं की काय वाटतं, हे आपल्याइतकं कोणाला ठाऊक आहे? म्हणून नियम असा : समोरच्या कडेला उभं राहायचं, फोन खिशात. ज्याला खरोखर दान द्यायचं आहे त्याने आदल्या दिवशी तिथल्या माणसांना रीत विचारून घ्यावी. खांदे आणि गुडघे झाकलेले, पायात काही नाही, आणि बसणं भिक्षूंपेक्षा खाली. बायकांनी भिक्षूला स्पर्श करू नये असा तिकडचा विनय आहे. यावर प्रश्न जरूर विचारा, पण विहारात वाद घालू नका.

त्या रांगेतले कितीतरी श्रामणेर दूरच्या खेड्यांतल्या गरीब घरची मुलं असतात. विहारात राहून शाळा शिकतात. विहार म्हणजे गरिबाच्या पोराचं वसतिगृह, हे तिथे आजही चालू आहे. आपल्या विहाराचं दार संध्याकाळच्या वंदनेनंतर का बंद होतं, हा प्रश्न तिकडून घेऊन यायचा.

लुआंग प्रबांगजवळ शांग खोंग, फानोम अशी विणकरांची गावं आहेत. हातमागावर बाया रेशीम आणि सूत विणतात. 'सिन' नावाचं लुंगीसारखं वस्त्र, काठाला नक्षी. साच्यावर आयुष्य घालवलेल्या माणसाला ते पाहताना वेगळंच वाटणार. ताणा तोच, बाणा तोच, धोटाही ओळखीचा. पण नक्षी लक्षात ठेवायला मागाला उभे दोरे टांगलेले असतात, ज्यांत सगळा नमुना बांधून ठेवलेला असतो. खरेदी करायचीच असेल तर बाजारातल्या यंत्रावरच्या मालाऐवजी इथे, विणणारीच्या हातात पैसे देऊन करावी. आणि भाव पाडताना आपला पगार कोणी पाडला होता ते आठवावं.

शेवटचा मुद्दा, ज्यावर आमच्या बैठकीत दोन तास वाद झाला. लाओसमध्ये पाहुण्याच्या मनगटाला पांढरा दोरा बांधून शुभेच्छा देण्याची चाल आहे, तिला 'बासी' म्हणतात. शरीरातले प्राण जागेवर राहावेत, अशी त्यामागची समजूत. विहारांच्या भिंतींवर रामकथेची चित्रंही दिसतील, तिकडे ती बुद्धाच्या पूर्वजन्माची गोष्ट म्हणून सांगतात. लोक भुताखेतांनाही मानतात. आपल्यावर बावीस प्रतिज्ञांचं बंधन. मग करायचं काय? काही तरुण म्हणाले, दोरा बांधूच द्यायचा नाही. काही म्हणाले, त्यांची चाल आहे, मुकाट बांधून घ्यावा. आमचं मत असं झालं : एखाद्या म्हातारीने मायेने हात पुढे केला तर तो झिडकारू नये. माया घ्यावी, समजूत घेऊ नये. आणि गावी परतल्यावर "लाओसचा दोरा" म्हणून विहारात नवी प्रथा सुरू करू नये. गंडेदोरे आपण एकदा सोडले आहेत, ते परदेशी शिक्का मारून परत आणायचे नाहीत. बाबासाहेबांनी आपल्याला पारखायला शिकवलं, ती पारख पासपोर्टबरोबर सोबत न्यायची.

तिकडच्या विहारात पाली वंदना सुरू झाली की चाल वेगळी वाटेल, उच्चारही थोडे वेगळे, पण त्रिसरण-पंचशील तुम्ही ओळखाल. भाषा येत नाही म्हणून बुजायचं कारण नाही. हात जोडून 'सबायदी' म्हटलं की नमस्कार झाला, 'खोप चाय' म्हटलं की आभार झाले.

तर ज्यांना यायचं आहे त्यांनी समितीकडे नावं द्यावीत. आधी म्हातारी माणसं, मग ज्यांनी आजवर रेल्वेचा लांबचा प्रवासही केला नाही त्या आया-बहिणी, मग आम्ही. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी या देशाविषयी एक तास वर्ग होईल. जो वर्गाला येणार नाही, त्याची जागा पुढच्याला. आणि परत आल्यावर प्रत्येकाने या विहारात उभं राहून दहा मिनिटं बोलायचं, काय पाहिलं, काय पटलं, काय पटलं नाही. फोटो नंतर दाखवा.

एवढं बोलून आम्ही थांबतो.

जय भीम! नमो बुद्धाय!